रक्ताच्या आक्रमक कॅन्सरची जनुकीय तपासणी

रक्ताचा कॅन्सर आहे एवढं कळलं की रोग कळला असं घरच्यांना वाटतं, पण डॉक्टरांचा शोध खरं म्हणजे तिथून सुरू होतो. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन पेशंट असतात, दोघांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, दोघांच्या प्लेटलेट पडलेल्या, पण पेशींच्या आतला बिघाड निराळा असतो आणि औषध कुठलं, धोका किती, बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागणार का नाही हे सगळं त्या बिघाडावर ठरतं. हा बिघाड शोधायला कॅन्सरच्या पेशींमधली गुणसूत्रं आणि जनुकं तपासतात, तीच जनुकीय तपासणी. कोल्हापुरातल्या दवाखान्यांत हा शब्द कुणी वापरत नाही, "जेनेटिक टेस्ट पाठवलीय", "फिशचा रिपोर्ट यायचाय" असंच बोलतात.

आक्रमक म्हणजे दिवसांत आणि आठवड्यांत वाढणारे प्रकार. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे एएमएल, ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणजे एएलएल, आणि लिम्फोमा म्हणजे गाठींच्या कॅन्सरमधले बर्किट आणि डबल हिटसारखे प्रकार. बर्किटच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, त्यामुळं इथं रिपोर्टला लागणारा वेळ हासुद्धा रोगाचाच एक भाग धरावा लागतो.

जनुकीय म्हणजे घराण्यातलं नव्हे

हे आधी सांगणं गरजेचं आहे, कारण जेनेटिक हा शब्द ऐकला की घरात सगळ्यात आधी "आमच्यात तर कुणालाच नव्हतं" आणि लगेच "मग पोरांना होणार काय, पोरीच्या लग्नाचं काय" अशी चर्चा चालू होते, काही घरांत तर पाहुण्यांना कळू नये म्हणून आजारच लपवतात. ही तपासणी कॅन्सरच्या पेशींची असते. त्या पेशींतला बिघाड बहुतेक वेळा माणूस जन्मल्यानंतर, हाडातल्या मगजातल्या एका पेशीत झालेला असतो, तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. थोड्या घरांत डीडीएक्स४१, रनक्स१, गाटा२ असल्या जनुकांतला दोष जन्मापासून असतो आणि तो घराण्यात चालत येतो, हेही खरं. तशी शंका आली तर निरोगी पेशींवर वेगळी टेस्ट करतात, कारण ट्रान्सप्लांटसाठी सख्खा भाऊ किंवा बहीण डोनर असेल आणि त्यांच्यातही तोच दोष असेल तर तो डोनर चालत नाही. भावंडांचं रक्त घेऊन जे मॅचिंग बघतात ती एचएलए टेस्ट, तिचा या तपासणीशी संबंध नाही, पण एकाच आठवड्यात दोन्ही चालू असल्या की घरच्यांच्या डोक्यात हमखास गोंधळ होतो.

सुरुवात कुठून होते

पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की कोल्हापुरात पहिला संशय डेंग्यूचा, आणि ते बरोबरच आहे, बहुतेक वेळा डेंग्यूच असतो. पण हिमोग्लोबिनही पडलंय, हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग आहेत आणि सीबीसीच्या रिपोर्टवर "ब्लास्ट" (म्हणजे कच्च्या पेशी) किंवा "ॲटिपिकल सेल्स" असा शब्द आलाय तर काचेवरचा रक्ताचा थर पॅथॉलॉजिस्टनं स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायलाच पाहिजे. पुढची पायरी बोन मॅरो. कमरेच्या मागच्या हाडात जागा बधिर करून सुई घालतात आणि आतला मगज ओढून घेतात. लोक याला "पाठीतलं पाणी काढलं" म्हणतात, पण ते वेगळं, पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी, एएलएलमध्ये तेही काढतात म्हणून दोन्हीची गल्लत होते.

मगजात ब्लास्ट २० टक्के किंवा जास्त असले की एएमएल म्हणायचं असा नियम बरीच वर्षं होता. २०२२ च्या डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात काही ठरावीक जनुकीय बिघाड सापडले तर त्याहून कमी ब्लास्ट असले तरी एएमएल धरतात. म्हणजे जनुक आता पेशींच्या मोजणीच्या वरचढ ठरलंय.

सॅम्पल

माझ्या मते सगळी तपासणी इथं जिंकते किंवा हरते, आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. सुईतून पहिल्यांदा जो मगज येतो त्यात कॅन्सरच्या पेशी दाट असतात, पुढच्या ओढीला रक्त मिसळत जातं. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये हेपॅरिन असतं, ती कॅरिओटाइपसाठी म्हणजे गुणसूत्रं बघायच्या टेस्टसाठी, कारण तिथं पेशी जिवंत लागतात. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची ट्यूब पीसीआर आणि एनजीएस या जनुकं तपासायच्या टेस्टसाठी, कारण हेपॅरिन पीसीआरची रिॲक्शन अडवतं. ट्यूब चुकली की पेशंटला पुन्हा सुई. सॅम्पल गोठवायचं नाही, उन्हात गाडीत ठेवायचं नाही, आणि एक-दोन दिवसांत लॅबमध्ये पोचवायचं, कारण पेशींतलं आरएनए पटकन खराब होतं आणि जिवंत पेशी वाटेतच मरायला लागतात.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडची. गाठी सुजल्यात, ताप जात नाही, म्हणून निदानाआधीच डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन सुरू होतं. पेशंटला दोन दिवस खूप बरं वाटतं, गाठी उतरतात, घरचे खूश होतात, पण एएलएल आणि लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडनं वितळतात आणि मग बायोप्सीत काय सापडणार? आजार संपलेला नसतो, फक्त झाकला जातो. श्वास अडकलाय अशी इमर्जन्सी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आधी सॅम्पल आणि मग औषध, हा क्रम पेशंटच्या माणसांनीसुद्धा विचारून घ्यावा.

टेस्ट कुठल्या असतात

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ मध्ये नक्की झालं, म्हणजे हे शास्त्र काही फार जुनं नाही. कॅरिओटाइपमध्ये पेशी लॅबमध्ये एक-दोन दिवस वाढवतात, विभाजनाच्या मधेच औषधानं थांबवतात, जिम्सा रंगानं रंगवतात आणि पट्टे बघून गुणसूत्रं जोडीनं मांडतात. साधारण २० पेशी बघायचा रिवाज आहे. यात सगळी गुणसूत्रं एकदम दिसतात, पण बारीक बिघाड दिसत नाहीत आणि पेशी वाढल्याच नाहीत तर रिपोर्ट "नो मेटाफेज" म्हणजे विभाजन होणारी पेशी मिळाली नाही असा रिकामा येतो, ज्याचा अर्थ नॉर्मल असा नसतो.

फिश म्हणजे ठरावीक जागी जाऊन चिकटणारे चमकणारे रंग, निदान २०० पेशी मोजतात, पेशी वाढवायची गरज नाही म्हणून उत्तर लवकर मिळतं, पण जे विचारलं तेवढंच दिसतं. लहान मुलांच्या बी प्रकारच्या एएलएलमध्ये साधारण चौघांतल्या एकाला १२ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल असते, बिघाड चांगल्यातला, पण कॅरिओटाइपमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही, फिश किंवा पीसीआरच लागतं. पीसीआरमध्ये ठरावीक बिघाडाच्या असंख्य प्रती काढून तो शोधतात, ती सगळ्यात संवेदनशील, लाखभर पेशींत दडलेली एखादी कॅन्सरची पेशीही शोधते. आणि एनजीएसमध्ये बरीच जनुकं एकदम वाचतात, ही महाग आणि बऱ्याचदा दोन-तीन आठवडे घेणारी, त्यामुळं उपचार बहुतेक वेळा तिच्याआधीच सुरू झालेले असतात.

रिपोर्टवरची भाषा बघून घाबरायला होतं पण ती थोडी समजू शकते. टी म्हणजे दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय, डेल म्हणजे तुकडा गळालाय, इन्व्ह म्हणजे तुकडा उलटा बसलाय, आणि शेवटच्या चौकटी कंसातला आकडा म्हणजे किती पेशींत तसं दिसलं.

जिथं थांबायचंच नसतं

एएमएलमध्ये एपीएल नावाचा एक प्रकार आहे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन पीएमएल-रारा हे जोडजनुक तयार होतं आणि पेशी कच्च्याच राहतात. यात रक्त गोठायची यंत्रणाच कोलमडते आणि पेशंट पहिल्या काही दिवसांतच मेंदूतल्या रक्तस्रावानं जाऊ शकतो. आणि हाच सगळ्यात बरा होणारा ल्युकेमिया आहे! व्हिटॅमिन ए पासून बनलेल्या ॲट्रा या कॅप्सूलनं त्या कच्च्या पेशी पिकायला लागतात, शांघायच्या डॉक्टरांनी हे १९८० च्या दशकात दाखवलं, आणि सोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं की सुरुवातीचे दिवस तरलेले बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात, बऱ्याच जणांना नेहमीची केमो लागतसुद्धा नाही.

म्हणून नियम असा की काचेवर बघून एपीएलचा नुसता संशय आला तरी ॲट्रा त्याच दिवशी सुरू करायचं, जनुकीय रिपोर्टची वाट बघायची नाही, रिपोर्ट नंतर येऊन खात्री देईल, आणि दुसरंच काही निघालं तर गोळी बंद करता येते. प्लेटलेट आणि प्लाझ्मा मात्र सतत लागतात, आणि इथं कोल्हापूरची तालमीतली पोरं खरंच कामाला येतात, एका फोनवर रात्री बारा वाजता ब्लड बँकेत हजर होतात.

फिलाडेल्फिया

पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत एक नेहमीपेक्षा छोटं गुणसूत्र दिसलं, त्याला शहराचंच नाव पडलं. जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ते नुसतं तुटलेलं नाही, ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी तुकडे बदललेत. त्यातून बीसीआर-एबीएल हे जनुक होतं आणि पेशींना "वाढा" म्हणून सतत हुकूम देत राहतं. हा बिघाड आधी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात सापडला, तो आजार सुरुवातीला सावकाश चालतो, पण मोठ्या माणसांच्या एएलएलमध्येही साधारण चौघांतल्या एकाला हा बिघाड असतो आणि गोळी निघायच्या आधी ही फार वाईट बातमी असायची. बीसीआर-एबीएलला अडवणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. आपल्याकडं १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस कंपनीचा या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळं भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली, आणि गडहिंग्लजच्या किंवा चंदगडच्या शेतकऱ्याला ती परवडते त्यात या निकालाचा वाटा मोठा आहे.

बाकी एएमएलमध्ये ८ आणि २१ ची अदलाबदल किंवा १६ चा उलटा तुकडा असेल तर केमोला चांगला प्रतिसाद मिळतो, एनपीएम१ जनुक बिघडलंय पण एफएलटी३ जनुकातली आयटीडी (जनुकाचा तुकडा दुप्पट होणं) नाही तरी बरं, आणि टीपी५३ जनुक बिघडलेलं असेल तर मात्र अवघड. एफएलटी३ साठी मिडोस्टॉरिन हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. वर्षाच्या आतल्या बाळांच्या एएलएलमध्ये बहुतेकदा केएमटी२ए जनुकाचा बिघाड सापडतो आणि ते प्रकरण कठीण असतं. लिम्फोमात गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, त्याच्यावरच मिक (एमवायसी) आणि बीसीएल२ या जनुकांची फिश करतात, दोन्ही बिघडलेले निघाले तर तो डबल हिट, त्याला बहुतेक ठिकाणी नेहमीच्या आर-चॉप या औषधांच्या जोडणीपेक्षा कडक औषधं देतात. तो ब्लॉक पेशंटचा असतो, दुसरीकडं जाताना मागून घ्यावा.

कोल्हापुरातून

सीपीआर हे सरकारी रुग्णालय आणि शहरातले खाजगी दवाखाने कोल्हापूर जिल्ह्याबरोबर सिंधुदुर्ग, निपाणी, बेळगावकडचे पेशंटही बघतात. निदानाची सुरुवात इथं होते, पण जनुकीय टेस्टचं सॅम्पल बऱ्याचदा कुरियरनं पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडं जातं. पुणे साधारण २३० किलोमीटर, म्हणजे सकाळी काढलेलं सॅम्पल संध्याकाळी पोचायला हरकत नाही, फक्त ते शनिवारी दुपारी काढलं तर रविवारी कुठंतरी पडून राहतं, त्यामुळं शक्य असेल तिथं बोन मॅरो आठवड्याच्या सुरुवातीला करावा. पुरात तर सगळंच अडतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला, अशा दिवसांत पुण्याचं कुरियर कुठून जाणार? तेव्हा ताज्या काचा, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा यंत्रानं बघायची टेस्ट) जिथं होईल तिथं, आणि ॲट्रासारखा तातडीचा निर्णय यावरच भागवावं लागतं.

बरेच जण महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळच्या टाटा मेमोरियलला जातात. जाताना काचा, ब्लॉक, पहिला सीबीसी आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत, म्हणजे त्याच टेस्टचा खर्च दोनदा होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठलं पॅकेज बसतं आणि कुठली टेस्ट बाहेरून करावी लागेल हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सॅम्पल काढायच्या आधी विचारावं, नंतर बिल दाखवून फारसं काही होत नाही.

केमोचा पहिला टप्पा झाला की पुन्हा मगज काढून एमआरडी बघतात, म्हणजे मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या उरलेल्या पेशी. पीसीआरनं एमआरडी बघायची तर सुरुवातीला कुठला बिघाड होता ते माहीत लागतं, नाहीतर शोधायचं काय हेच कळत नाही. आजार उलटला तर सगळ्या टेस्ट परत कराव्या लागतात, कारण मधल्या काळात पेशी बदलतात, आधी नसलेलं एफएलटी३ नंतर उगवतं किंवा असलेलं निघून जातं आणि औषध त्याप्रमाणं बदलतं. तेव्हाही डॉक्टर आधी मागतात तो पहिल्या दिवसाचाच रिपोर्ट, त्यामुळं त्याची एक झेरॉक्स घरच्या फाइलमध्ये आणि एक फोटो मोबाइलमध्ये असावा.