चालू संगणक हलवू नये, हा नियम आला कुठून?

'पीसी चालू असताना हलवू नका, हार्ड डिस्क जाईल' ही ताकीद दुरुस्तीच्या दुकानात, सायबर कॅफेत, शाळेच्या लॅबमध्ये सर्वांनी ऐकलेली आहे. आता अनेकजण ती जुनी समजूत म्हणून सोडून देतात. ती समजूत नाही, पण तिच्यात दोन वेगळी भयं एकमेकांत मिसळली आहेत. एक कालबाह्य झालं, दुसरं अजून खरं आहे.

1956 साली पहिली हार्ड डिस्क आली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. माहिती साठवणाऱ्या 24 इंची 50 तबकड्यांचं ते यंत्र सुमारे एक टन वजनाचं होतं. प्रश्न उभा राहिला 1980च्या दशकात, डिस्क टेबलावरच्या संगणकात शिरली तेव्हा. त्या काळच्या 10 एमबीच्या डिस्कमध्ये हेड, म्हणजे तबकडीवर माहिती लिहिणारा-वाचणारा भाग, स्टेपर मोटरने (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरने) सरकायचं, आणि वीज गेली की जिथे असेल तिथेच तबकडीवर टेकायचं. मग कॅबिनेट उचलताना धक्का बसला तर नेमका माहिती असलेला भाग खरवडला जाई. म्हणून बंद करण्याआधी 'पार्क'ची आज्ञा देऊन हेड सुरक्षित पट्ट्यात नेऊन ठेवायची शिस्त होती. पुढे व्हॉइस कॉइलवर, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर, चालणारी हेडं आली. वीज गेली तरी तबकडी काही क्षण फिरत असते. त्या फिरण्यातूनच वीज मिळवून हेड आपोआप जागेवर जाऊ लागलं. पार्कची आज्ञा इतिहासजमा झाली, आणि तिच्याबरोबर पहिलं भयही. लक्षात घ्या, ते भय मुळात बंद संगणकाचं होतं.

चालू संगणकाचं भय मात्र उलट वाढत गेलं. 1973च्या पिढीतल्या डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांत साधारण अर्ध्या मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर होतं, आताच्या डिस्कमध्ये ते काही नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आलं आहे. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने धावत असते. हेड तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. धक्क्याने ते टेकलं की तबकडीवरचा, माहिती धरून ठेवणारा लेप खरवडतो, सुटलेले कण आत फिरत राहतात आणि पुढची इजा तेच करतात. हार्ड डिस्क बहुधा त्याच दिवशी बंद पडत नाही. आठवड्यांनी बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे भाग, दिसू लागतात, आणि तोवर कॅबिनेट हलवल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. 'मी तर नेहमी हलवतो, काही होत नाही' हा युक्तिवाद इथेच फसतो.

वादाची खरी जागा म्हणजे डिस्कच्या माहितीपत्रकातला 'जी'चा आकडा. डेस्कटॉपच्या डिस्कला चालू असताना 60 ते 70 जी आणि बंद असताना 300 जीच्या आसपास धक्का सोसतो, असं लिहिलेलं असतं. 70 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सत्तरपट. वाचणाऱ्याला वाटतं, एवढा धक्का घरात बसणार कसा? पण त्याच ओळीत '2 मिलिसेकंद' असा धक्का टिकण्याचा काळ दिलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही. हिशेब करून पाहा. 2 मिलिसेकंदांचा 70 जीचा धक्का म्हणजे सुमारे 4 सेंटिमीटरवरून पडून थांबणं. 300 जीला हीच उंची 70 सेंटिमीटरच्या आसपास जाते. चालू आणि बंद यांतला फरक एवढा मोठा आहे. त्यातही फरशीसारख्या कडक पृष्ठभागावर आदळलं तर थांबायला 2 मिलिसेकंद मिळतच नाहीत. अर्ध्या मिलिसेकंदात थांबलं तर त्याच 4 सेंटिमीटरच्या पडण्यात 280 जीच्या वर धक्का बसतो. वायर काढायला कॅबिनेटची एक बाजू उचलायची आणि हातातून निसटू द्यायची, एवढं पुरतं. उलट, गुळगुळीत टेबलावर सावकाश सरकवल्याने सहसा काही होत नाही. झटक्याने फिरवणं त्याहून वाईट, कारण फिरती तबकडी आपला अक्ष बदलायला विरोध करते आणि तो ताण बेअरिंगवर येतो.

लॅपटॉप तर हलवण्यासाठीच बनलेला, म्हणून उत्पादकांना उपाय शोधावे लागले. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात अडीच इंची डिस्कमध्ये उतारासारखा रॅम्प आला. काम नसताना हेड तबकडीवर न टेकता त्यावर चढून बसू लागलं. 2003मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आला. लॅपटॉप पडू लागला की आदळण्याआधीच हेड बाजूला करायचं, ही कल्पना. दोनेक वर्षांत दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही तेच केलं. जाहिराती जोरात झाल्या, आणि लोकांनी चालू लॅपटॉप हवा तसा उचलायची सवय लावून घेतली. मला ही गोष्ट खटकते. टेबलाच्या उंचीवरून पडायला सुमारे 0.4 सेकंद लागतो, तेवढ्यात हेड बाजूला होऊ शकतं. पण 4 सेंटिमीटर पडायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. रोज घडणारा धक्का तो, आणि पडणं ओळखून वागणारा सेन्सर त्याला बहुधा उशिराच पोहोचतो.

आपल्याकडे या काळाला भारनियमनाचीही जोड होती. रॅम्पवाल्या डिस्कचं हेड शिस्तीत बंद करताना सहा लाख वेळा बाजूला होऊ शकतं, पण वीज अचानक गेल्यावर घाईने बाजूला व्हायची मर्यादा वीस हजारांच्या आसपास असते. यूपीएस नसलेल्या पीसीवर हा ताण वेगळाच पडे.

आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, असते. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे तिथे हा नियम लागू होत नाही. घरात-दुकानात फिरत्या तबकड्या उरल्या त्या मुख्यतः बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कमध्ये, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये. डीव्हीआर तर चोवीस तास लिहीत असतो, आणि साफसफाई करताना सर्वांत आधी तोच चालू अवस्थेत उचलला जातो.