मंत्रचळ: नकोशा विचारांची जुनी कहाणी

शुक्रवार आला की माझ्या आत्याच्या पोटात गोळा यायचा. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपापर्यंत ती नीट जायची, पण मूर्ती दिसू लागली की मनात एकच घाण शब्द उमटायचा. मग हळूच गालांवर मारून घेत ‘चुकले आई’ अकरा वेळा. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं देवळात जाणंच सोडलं. घरातले म्हणायचे, हिला मंत्रचळ लागलाय.

मंत्र म्हणताना चूक झाली की डोकं फिरतं, अशी समजूत या शब्दामागे आहे. आज ज्याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती, त्या आजाराच्या हा शब्द फार जवळ जातो. पण दोष माणसाच्याच माथी मारतो. नाहीतर मग सारखे हात धुणारी बाई ‘सोवळ्याची’, गुजरी बाजारात दुकानाचं कुलूप दहादा ओढून बघणारा ‘चिकित्सक’. स्वभाव म्हटलं की विषय मिटला.

युरोपातही बराच काळ हा पापाचा आणि कबुलीजबाबाचा विषय होता. १८३८ मध्ये एस्कीरोल या फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची हकिगत लिहिली. मावशीकडून निघताना आपल्या एप्रनच्या खिशातून मावशीची एखादी वस्तू तर आली नाही ना, ही भीती तिच्या मनात बसली. पुढे हिशेब करताना चूक होईल, पैसे हाताळताना बोटांना काही चिकटून येईल, अशा शंका वाढत गेल्या. यात काही अर्थ नाही हे तिला कळत होतं, तरी सुटका नव्हती. १८७७ मध्ये जर्मनीत मनोविकारतज्ज्ञ वेस्टफाल यांनी नेमकं हेच मांडलं: बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध घुसणारा आणि स्वतःलाच परका वाटणारा विचार. पुढे फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये त्याची मुळं बालपणात शोधली, पण त्या वाटेनं आराम पडलेले थोडेच.

खरी कलाटणी १९६६ ची. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर वेगळाच प्रयोग केला. धुण्याची सक्ती असलेल्या बाईंना घाण वाटणाऱ्या वस्तू हाताळायला लावल्या आणि खोलीतला नळ बंद केला. दुसऱ्या बाईंच्या मनात देवाबद्दलचे अभद्र विचार यायचे, थेट आत्यासारखे. त्यांनाही प्रायश्चित्ताच्या कृती करू दिल्या नाहीत. दोघींमध्ये मोठी सुधारणा झाली. गालावर मारून घेतलं की भीती क्षणभर उतरते, म्हणून मन तीच सवय पक्की करतं. काहीच केलं नाही तर ती चढते आणि हळूहळू आपोआप ओसरते. भीतीला सामोरं जायचं आणि सवयीची कृती टाळायची, या उपचारालाच आज ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात.

१९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना विचारलं, तर सुमारे ८० टक्के लोकांच्या मनात असेच नकोसे विचार येत होते. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. विचार येणं हा आजार नव्हे. त्याला पाप किंवा धोका समजून रोज त्याच्याशी झुंजत बसणं, तिथे आजार वाढतो. औषधंही आली: क्लोमिप्रामिनला अमेरिकेत १९८९ मध्ये ओसीडीसाठी मान्यता मिळाली, मग फ्लुओक्सेटिनसारखी सोसायला सोपी औषधं.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला. २०२२ पासून टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आत्याचे उपचार सुरू झाले तेव्हा आमचीही चूक कळली. ‘काही होत नाही गं, देवी रागवत नाही’ असं आम्ही दिवसातून वीसदा सांगायचो; ती समजूतही मोजणीसारखीच सवय झाली होती. ती थांबवायला आम्हालाच जड गेलं. पहिल्यांदा ती नुसती महाद्वारापर्यंत गेली, नंतर मंडपापर्यंत. एका शुक्रवारी ती हात खाली ठेवून दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. शब्द आला, घाम फुटला, साडीचा पदर तिनं मुठीत घट्ट धरला. रांग पुढे सरकत राहिली, तशी तीही सरकली.