सड्यावर पहाटेच का जायचं?

कातळशिल्पांच्या फोटोसाठी आमच्याकडे मुक्कामाला येणारी बहुतेक मंडळी बुकिंग करतानाच विचारतात, "नाश्ता करून नऊ-साडेनवाला निघालं तर चालेल ना?" निघता येईल, पण मनासारखा फोटो मिळत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी जावं लागतं आणि तुमचा एक दिवस जातो, आमचाही.

राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट उघड्या पठारावर, कोरलेली आहेत. पुष्कळ रेघा जेमतेम बोटभर खोल. ऊन तिरकं असेल तोवर त्या रेघेत सावली बसते आणि आकृती उठून दिसते. ऊन चढलं की समोर उरतो नुसता काळपट तांबूस कातळ. बारसूच्या कातळावर कोरलेला, दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस साडेसातला पाहा आणि अकराला पाहा, तुम्हीच सांगाल. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाला आपण जागेवर हवं.

उशीर झाला की काही जण रेघांत खडू भरतात, पाणी ओततात. आम्ही ते करू देत नाही. जांभा सच्छिद्र असतो, खडू त्याच्या भोकांत जाऊन बसतो. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. पण यादी नसती तरी आमचा नियम हाच असता. सकाळ हुकलीच तर अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, रेघ न् रेघ दिसते.

कशेळीचा कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. उभ्याने तो फ्रेममध्ये मावत नाही, त्यासाठी आम्ही उंच शिडी बरोबर नेतो. तिचे वेगळे पैसे नाहीत.

दुपार गावासाठी ठेवा. पडवीतल्या सावलीत भात पाखडणारी आजी, विहिरीवरचा रहाट, सड्यावरून परतणारी गुरं. आधी दोन शब्द बोला, मग कॅमेरा काढा. माणसं आमच्या ओळखीची आहेत, आम्ही बरोबर असतो.

फोटोसाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, तोवर गवत वाळलेलं असतं. मुक्काम आदल्या रात्रीपासून धरा. उशिराच्या गाडीने येणार असाल तर आधी कळवा, राजापूर रोड स्टेशनवर घ्यायला येऊ. पहाटेचा चहा थर्मासमधून सड्यावरच मिळेल, घावणे परतल्यावर.