सीमाशुल्क वाढलं की जीएसटी? मालवणच्या खोलीतला एसी कशाने महागतो

मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात हल्ली खोलीत एसी नाही म्हटलं की मे महिन्यात पुण्याचा पाहुणा फोन ठेवतो. त्यात खारं वारं बाहेरच्या युनिटचं कॉइल खातं, म्हणून घाटावरच्यापेक्षा इथे एसी लवकर बदलावा लागतो. दुकानात भाव विचारला की ठरलेलं उत्तर येतं, ‘ड्युटी वाढली हो!’ या एका शब्दात दोन वेगळे कर कोंबलेले असतात: परदेशातून येणाऱ्या मालावरचं सीमाशुल्क आणि देशी-परदेशी दोन्ही मालावरचा जीएसटी.

परदेशी माल उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात उतरला की आयातदार बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सरकारी अर्ज, भरतो. त्या एकाच कागदावर सीमाशुल्क, त्यावरचा समाजकल्याण अधिभार आणि आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, हे सगळं लागतं. पैसे एकदमच भरायचे, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. (हे पैसे चीनचा कारखानदार भरतो असा समज असेल तर तो आधी सोडावा. भरतो तो इथला आयातदार.)

हिशेब करून बघू. समजा, बंदरात पोहोचलेल्या एसीची किंमत विमा-भाड्यासकट 20,000 रुपये आहे. सीमाशुल्क 10 टक्के म्हणजे 2,000, त्यावर अधिभार 10 टक्के म्हणजे 200. झाले 22,200. जीएसटी लागतो तो या 22,200 वर, मूळ 20,000 वर नाही. म्हणजे करावरही कर बसतो. 28 टक्क्यांनी 6,216 झाले, एकूण 28,416.

सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राने परदेशी चलनाचा खर्च आवरायला काही वस्तूंवरचं सीमाशुल्क वाढवलं. एसीवरचं 10 वरून 20 टक्के झालं. आपला एसी आता 24,400 वर गेला, जीएसटी धरून 31,232. वाढ 2,816 रुपयांची. त्यातले 2,200 सीमाशुल्क आणि अधिभाराचे, बाकी 616 जीएसटीचे, आणि तेही जीएसटीचा दर जराही न हलता.

खरी गंमत पुढे आहे. हे 2,200 फक्त परदेशी एसीवर बसले. मग देशात बनलेला एसी होता त्याच भावात राहायला हवा ना? तसं होत नाही. समोरचा परदेशी माल महागला की देशी कारखानदाराला भाव वाढवायला तेवढी जागा मिळते. ती तो किती वापरेल हे देशी कंपन्यांत आपसात किती चुरस आहे त्यावर ठरतं. एसीत कंपन्या बऱ्याच असल्यामुळे सगळी वाढ गिऱ्हाइकाच्या गळी उतरवता येत नाही, पण काही तरी उतरतेच. ती वाढ सरकारी तिजोरीत जात नाही, कारखानदाराकडे राहते. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे जास्त मोजतं. देशी उद्योगाला संरक्षण म्हणतात ते हेच, आणि त्याची किंमत कुडाळ-कणकवलीच्या दुकानात वसूल होते. शिवाय त्याच वेळी एसी-फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरचं शुल्कही 7.5 वरून 10 टक्के केलं होतं. बाहेरचा कॉम्प्रेसर घालून इथे जोडलेल्या ‘देशी’ एसीचा खर्च त्यामुळे आतूनच वाढला.

जीएसटी असा भेद करत नाही. देशी एसीवर जो दर, तोच आयातीवर. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा दर 28 वरून 18 टक्के झाला तो दोघांनाही. आपल्या 24,400 च्या हिशेबात 2,440 रुपये एका फटक्यात कमी झाले, पण देशी-परदेशीतलं अंतर टक्क्यात होतं तेवढंच राहिलं.

दुसरा फरक व्यापाऱ्याला पाठ असतो, घरगुती व्यवसाय करणाऱ्याला नसतो. सीमाशुल्क एकदा भरलं की ते खर्चात चिकटलं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं. आयातदार ते डीलरकडून वसूल केलेल्या करातून वळतं करतो, डीलर पुढे तेच करतो. रत्नागिरीतला आंब्याचा पल्प डबाबंद करणारा कारखानाही शीतगृहाच्या यंत्रावर भरलेला जीएसटी आपल्या पल्पवरच्या करातून वजा करू शकतो. त्याला आंबे घालणाऱ्या बागायतदाराला ते जमत नाही, कारण ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही, मग वजा कशातून करणार?

होमस्टेवाल्याचंही तेच. उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते आणि नोंदणीच नसली तर क्रेडिटही नाही. नोंदणी असली तरी दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर आता 5 टक्के कर आहे, तोही क्रेडिटशिवाय. कर 12 वरून 5 वर आला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, पण एसीवर भरलेला जीएसटी आता मालकाच्याच अंगावर बसतो. त्याच्या दृष्टीने तो सीमाशुल्काइतकाच चिकट झाला.

वरचा एसीचा हिशेब समजण्यापुरता. ऑक्टोबर 2020 पासून शीतवायू (एसीतला गॅस) भरलेले तयार एसी आयात करायलाच बंदी आहे. तिथे ना हा कर, ना तो. त्यामुळे आज कोणी एसीची ‘ड्युटी’ सांगितली तर ती बहुधा सुट्या भागांची असते. लॅपटॉपचं उलट आहे. देशादेशांतल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यावर सीमाशुल्क शून्य आहे, तरी जीएसटी 18 टक्के लागतोच. मोबाइलवर दोन्ही आहेत: जुलै 2024 मध्ये सीमाशुल्क 20 वरून 15 टक्के झालं, जीएसटी 18 चा 18 राहिला.