जड फिल्टर म्हणजे चांगला फिल्टर?

ऑइल फिल्टर हातात तोलून ‘वजनदार आहे, म्हणजे चांगलाच’ म्हणणारे अजून भेटतात. अहो, वजन पत्र्याच्या डब्याचं. तेल गाळतो आतला घड्यांचा कागद. तो कोणत्या आकाराचे कण किती टक्के अडवतो, हे आयएसओ 4548-12 चाचणीत मोजतात. खोक्यावर नुसतं ‘20 मायक्रॉन’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलं असेल तर ते अर्धवटच: त्या आकाराचे कण 50 टक्के अडवले की 99?

दुकानात बघायचंच तर फिल्टरच्या तोंडावरच्या बारीक भोकांमागचं रबर बघा. ते म्हणजे एक झडप. गाडी बंद असताना ही झडप फिल्टरमधलं तेल ओघळू देत नाही. नायट्राइल रबर उष्णतेनं लवकर कडक होतं, सिलिकॉन मऊ राहतं. (सिलिकॉन बहुधा नारिंगी, पण रंगावर पैज नको.) झडप गळली की सकाळी गाडी सुरू करताना तेल इंजिनात पोचायला उशीर होतो आणि क्षणभर खडखड येते.

आणि डिझेल गाडीचं नवं तेल लगेच काळं झालं म्हणून फिल्टरला शिव्या नकोत. काजळी कागदातून आरपार जाण्याइतकी बारीक असते.