बदली कामगार ते डिलिव्हरी बॉय: अनेक मालकांच्या कमाईवर चालणारी घरं

सकाळी शाळेच्या मुलांच्या रिक्षाफेऱ्या, दुपारी एखाद्या दुकानाचे हिशेब, संध्याकाळी जेवणाची पार्सलं पोहोचवणं आणि लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम. एवढं सगळं केल्यावर घरभाडं, लाइटबिल आणि मुलांची फी यांची कशीबशी तोंडमिळवणी होते. अशी माणसं आज प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्याविषयी बोलताना मात्र हा सगळा प्रकार मोबाइल आल्यावर सुरू झाला, त्याआधी घरातल्या एकाला नोकरी असे आणि त्याच्या पगारावर घर चाले, असं सहज धरलं जातं. महाराष्ट्रातल्या कामकऱ्यांच्या घरांचा इतिहास तसा नाही. एका पगारात भागणारी घरं नेहमीच थोडी होती. जिथे कायम नोकरी होती तिथेही तिला दुसऱ्या-तिसऱ्या कमाईचा टेकू लागतच असे.

मुंबईतल्या कापड गिरण्यांपासून सुरुवात करू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून माणसं परळ-लालबागकडे आली. पण गावची शेती कोणी सोडली नाही. बायको-मुलं गावी, भात गावचं, आणि मुंबईहून मनीऑर्डर. लावणीला किंवा कापणीला गडी गावी गेला की गिरणीत त्याची जागा रिकामी पडे. या रिकाम्या जागांवरच बदली कामगारांचा मोठा वर्ग पोसला गेला.

पहाटे भोंगा होण्याआधी बदलीवाला गेटवर हजर होई. पाळी सुरू झाली की कोणतं यंत्र माणसाविना उभं आहे ते जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, पाही आणि बाहेरच्या घोळक्यातून एकेकाला आत बोलावी. कोणाला बोलवायचं हे तोच ठरवी, म्हणून त्याला दस्तुरी, म्हणजे कामाच्या बदल्यात पैसे, द्यावे लागत, त्याच्या ओळखीत राहावं लागे, बऱ्याचदा त्याच्याच गावचं असावं लागे. ज्याला आत घेतलं नाही त्याचा दिवस बुडाला. मग तो गोदीत, गोदामात, बांधकामावर किंवा बाजारात हमालीला काही मिळतं का ते बघे. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेटवर यावंच लागे, कारण चार दिवस तोंड दाखवलं नाही तर नाव विसरलं जाई.

या प्रकाराला आळा घालावा म्हणून १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड मिळे, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी यामुळे काही प्रमाणात कमी झाली. पण कार्ड म्हणजे काम नव्हे. वर्षानुवर्षं बदलीवर राहिलेली माणसं गिरणगावात घरोघरी होती.

कायम कामगाराचंही फार बरं होतं असं नाही. पगार महिन्याने होई आणि तोही पुढच्या महिन्यातले दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पगार बघायला दीड महिना थांबावं लागे. तोवर वाण्याची उधारी, पठाणाचं व्याज आणि गाववाल्यांची हातउसनवारी. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि हजार किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी दहा तारखेच्या आत झाला पाहिजे, हे बंधन १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने आलं. पगाराची तारीख पाळली जावी यासाठी कायदा करावा लागला, एवढ्यावरून त्या घरांचं गणित कळतं.

मधली पोकळी भरून काढली ती बहुतेक बायकांनी. १९२० च्या दशकात गिरण्यांमध्ये साधारण पाचातली एक कामगार बाई होती, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यात, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली. बायकांना रात्रपाळी बंद झाली, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा आला, नवी यंत्रं आली; आणि मालकांनी बायकांना कामावर घेणं कमी करत नेलं. चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यांचा खर्च टाळण्यासाठी बायकांनाच बाहेर काढलं गेलं. त्यांचं काम थांबलं नाही, ते घरात आलं.

खानावळ हा त्यातला सगळ्यात मोठा उद्योग. एका खोलीत राहणारी बाई गावच्या दहा-पंधरा-वीस गड्यांना दोन वेळा जेवू घाली. पाळ्या तीन, म्हणून तिच्या चुलीलाही तीन पाळ्या. पैसे महिन्याने, गड्यांचा पगार झाल्यावर. म्हणजे गिरणीमालक पगाराला जो उशीर करी, तो उशीर ही बाई आपल्या अंगावर घेई: वाण्याकडून चढ्या भावाने उधारीवर धान्य उचलायचं आणि वर व्याज भरायचं. संप झाला तर गड्यांना उपाशी ठेवता येत नसे, मग मंगळसूत्र गहाण पडे. गिरणगावाच्या इतिहासात संपांविषयी आणि पुढाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, या चुलींविषयी त्या मानाने फारच कमी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते नेमकं या बायांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना गटाने कर्ज मिळवून दिलं आणि वाण्याच्या व्याजातून सोडवलं. ज्यांच्याकडे पगाराची पावती नव्हती आणि तारणही नव्हतं त्यांना बँकेच्या दारात उभं करणं हे त्या काळी मोठंच काम होतं.

त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि लिज्जत सुरू झालं. तिथली पद्धत अजून तीच आहे. केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटल्याप्रमाणे मजुरी घ्यायची. नवऱ्याच्या कमाईत मुलांच्या फीचे पैसे निघत नव्हते, ते या लाटण्याने काढले.

सोलापूरचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या पूर्व भागात तेलुगू भाषक विणकर समाजाची वस्ती. पुरुष यंत्रमागावर चादर-टॉवेल विणतात, बायका बिड्या वळतात. बिडीचं काम कारखान्यातून घरी येतं. तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळते. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचं माप ठेवून कात्रीने एकसारखी कापायची. मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हजार बिड्यांना मजुरी ठरलेली आणि हजार वळायला सबंध दिवस जातो, तोही स्वयंपाक-पाणी सांभाळून. दुसऱ्या दिवशी माल नेऊन दिला की तिथला माणूस तपासतो आणि छाट म्हणून काही बाजूला काढतो, त्याची मजुरी नाही. पानं खराब निघाली तर भर घालायची तीही पदरच्या पैशाने.

तरीही बिडीवाल्या बायांना एक गोष्ट मिळाली, जी घरी बसून काम करणाऱ्या इतर बहुतेकींना मिळाली नाही. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. ती घरी काम करते म्हणून तिला भविष्यनिर्वाह निधी नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केलं. हातात ओळखपत्र आलं, त्याच्या आधारावर घरकुलाचं अनुदान मागता आलं, आणि नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून सोलापूरजवळ कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिचं लोकार्पण २००६ मध्ये झालं. काम घरातलं असो, तुकड्याचं असो, कामगार म्हणून कागदावर नाव लागलं की किती फरक पडतो हे तिथे जाऊन बघावं.

आता गाभ्याचा प्रश्न. आपले बहुतेक कामगार कायदे एक कामगार आणि एक मालक अशी जोडी गृहीत धरतात. भविष्यनिर्वाह निधी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू, कामगार राज्य विमा योजना दहा किंवा अधिक असलेल्या ठिकाणी. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराची एकाच ठिकाणी पाच वर्षं हवीत. ज्याची कमाई चार ठिकाणांहून येते तो चारही ठिकाणी अपुरा पडतो. त्याचे तास दहा-बारा भरतात, पण कोणत्याही एका हजेरीपटावर ते दिसत नाहीत.

यावर तोडगा महाराष्ट्रातच निघाला होता, आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे. मुंबईच्या बाजारांतले आणि गोदामांतले हमाल टोळीने काम करत. सकाळी या व्यापाऱ्याच्या गोणी, दुपारी त्या वखारीचा ट्रक. मालक विचारला तर कोणाचं नाव सांगणार? व्यापारी म्हणे हा माझा माणूस नाही, ट्रकवाला म्हणे माझाही नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने प्रश्नच फिरवला. हमालाचा मालक शोधत बसण्याऐवजी सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचं मंडळ स्थापन केलं. व्यापारीही मंडळात नोंदणार, टोळीही. गोणी कोणाचीही उचला, मजुरी मंडळात जमा होणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी भरणार. त्या लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, दवाखाना. मालक दिवसातून पाच बदलले तरी खातं एकच. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. माथाडी मंडळांत पुढे गैरव्यवहार आणि दादागिरीच्या तक्रारी झाल्या, त्यातल्या काही खऱ्याही आहेत. पण रचनेतली मूळ कल्पना मला आजही देशातल्या सर्वांत शहाण्या कामगार-कल्पनांपैकी एक वाटते.

ती पुढे पसरली नाही, आणि नेमकी गरज वाढली तेव्हा पसरली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बदली कामगारांना कायम करा, ही त्यातली एक मागणी होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखाच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कायम कामगार होते तेही आता बदलीवाल्यासारखे रोज काम शोधू लागले. कोणी वॉचमन झाला, कोणी वडापावची गाडी लावली, कोणी भाजी विकली, कोणी गावी परतला. घरातल्या बाईने शिलाई घेतली किंवा धुणीभांडी. मुलं शाळा सोडून दुकानात लागली.

धुण्याभांड्यांच्या कामाची एक बाजू पुण्यात पुढे आली. १९८० मध्ये तिथल्या मोलकरणींनी आपसूक संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पाच घरची भांडी, दोन घरचं धुणं, एका घरच्या पोळ्या, अशी बाईची कमाई जोडलेली असते. एका घरचे लोक गावाला गेले की तेवढा खाडा पडतो. महिन्यातून पगारी सुट्टी, दिवाळीला बोनस आणि आजारपणात पैसे न कापणं या मागण्या तेव्हापासूनच्या. राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तो २००८ मध्ये. मंडळ आलं, पण माथाडीची लेव्ही आली नाही. पाच घरच्या मालकिणींकडून टक्का वसूल होत नाही, म्हणून मंडळाला देण्यासारखं जे असतं ते सरकारी तिजोरीतून येईल तेवढंच.

नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुरांचं याहून वेगळं नाही. १९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि कल्याणकारी मंडळाची सोय केली. नोंदणीसाठी अट अशी की मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरचा माणूस आज स्लॅबवर, उद्या रंगकामाला, परवा सामान हलवायला जातो. ठेकेदार रोज वेगळा, आणि त्यातला एकही सही करायला राजी नसतो.

ॲपवरचं काम या सगळ्याच्या पुढचा टप्पा आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे नोकरीऐवजी सुट्या कामांवर कमावणारे लोक, असल्याचा अंदाज दिला, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने ॲपवाल्या कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायला सांगितलं आहे, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांहून ती जास्त असणार नाही. मालक कोण या वादात न पडता कामावर टक्का बसवण्याची ही युक्ती माथाडी मंडळाचीच आहे. फरक एवढा की माथाडीत हमालाला निधी आणि ग्रॅच्युइटी हक्काने मिळते, इथे योजना सरकार ठरवेल तेव्हा.

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यात पात्रतेसाठी एका कंपनीकडे वर्षाला ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम असावं असं म्हटलं आहे. अनेक ठिकाणचं काम एकत्र मोजण्याचा विचार निदान झाला, हे चांगलंच आहे. पण ही बेरीज फक्त ॲपवाल्या कंपन्यांची. सुरुवातीला म्हटलेल्या माणसाचं केटररकडचं वाढप, दुकानातले हिशेब आणि शाळेच्या फेऱ्या यांतला एकही दिवस तिच्यात धरला जात नाही.