प्रदूषित औद्योगिक भूमीचे शुद्धीकरण

कारखान्याच्या आवारात किंवा त्यालगत जमिनीत मुरलेली घातक रसायने उपसून काढणे, त्यांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करणे किंवा ती आहेत तिथेच कायमची जखडून ठेवणे, या कामांना मिळून भूमी-शुद्धीकरण म्हणतात. माती आणि तिच्याखालचे पाणी यांचा विचार यात वेगवेगळा करता येत नाही. मातीत राहिलेले रसायन दर पावसाळ्यात थोडेथोडे खाली उतरते आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की विहिरीकडे ओढले जाते. सांगली जिल्ह्यात मिरज, कुपवाड, पलूस येथील औद्योगिक वसाहतींच्या कुंपणाला शेती अगदी लागून असल्याने हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाआड राहू शकत नाही.

भूरचना : कृष्णा आणि वारणा यांच्या काठी काळ्या मातीचा थर जाड आहे, त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट कातळ आहे. पूर्वेकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत माती पातळ होत जाते आणि माळावर मुरूम उघडा पडतो. काळ्या मातीतील चिकणखनिजे ओलीने फुगतात व वाळली की आकसतात. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत काठी सहज आत जाते. उघड्यावर ठेवलेल्या पिंपातून गळलेला द्रव अशा भेगेतून थेट मुरमापर्यंत पोचतो, पुढे पावसाने भेगा मिटतात आणि वरच्या मातीचा नमुना तपासणाऱ्याला जमीन निर्दोष दिसते. त्यामुळे वीतभर खोलीच्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष या मुलखात भरवशाचा नसतो.

कातळातले पाणी सांध्यांत, भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात असते, व ही साठवण खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच भरते. नदीच्या वाळूत प्रदूषण पंख्यासारखे पसरत जाते, इथे मात्र ते सांध्याची वाट धरते. एका विहिरीचे पाणी बिघडते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी विहीर स्वच्छ राहते. यावरून तक्रारदार खोटे बोलतो असे ठरवण्याची घाई अनेकदा होते, वास्तविक तो खडकाचा स्वभाव असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण त्या विहिरी गावाचा पाणीसाठा कळावा म्हणून निवडलेल्या असतात; प्रदूषणाचा माग काढण्यासाठी कारखान्याच्या चढाला आणि उताराला स्वतंत्र निरीक्षण विहिरी घ्याव्या लागतात, आणि त्यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोन्ही वेळा तपासावे लागतात.

रसायनांचे वर्तन : शिसे आणि कॅडमियम काळ्या, अल्कधर्मी मातीला घट्ट चिकटतात व बहुधा वरच्या थरातच अडकतात. मुलामा देण्याच्या कामात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे पाण्यात विरघळणारे रूप) याच्या नेमके उलट वागते. ते ऋणभारित असल्याने चिकणमाती त्याला धरत नाही आणि ते पाण्याच्या वेगाने पुढे सरकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. त्याची मात्रा बरीच वाढली की पाण्याला पिवळी झाक येते, पण रंग दिसेपर्यंत ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. डिझेल भूजलावर तरंगते, तर यंत्रभागांवरचे तेलवंगण धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळपास दीडपट जड असल्याने तळाशी जाऊन कातळाच्या बारीक भेगांत बसते, आणि तिथून ते पूर्णपणे काढणे जवळजवळ अशक्य असते.

पद्धती : सर्वांत सरळ उपाय म्हणजे दूषित माती खणून घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात नेणे. महाराष्ट्रात अशी केंद्रे रांजणगाव, तळोजा व बुटीबोरी येथे आहेत. माती थोडी असेल तर हे परवडते, एरवी ती जागेवरच सिमेंट किंवा चुना मिसळून बद्ध करतात. तेलकट मातीचे ढीग रचून, त्यांत हवा, ओल आणि खत राखून जिवाणूंकडून तेल पचवून घेता येते. जमिनीतून हवा खेचून बाष्पनशील द्रावके काढण्याची पद्धत वाळूत उत्तम चालते, मात्र ओल्या काळ्या मातीतून हवा फिरत नसल्याने इथे तिचा फारसा उपयोग होत नाही.

दूषित पाणी उपसून, शुद्ध करून सोडण्याची पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत फसवी आहे. उपशाने पहिल्या काही महिन्यांत प्रमाण झपाट्याने उतरते, पण पंप बंद केला की खडकाच्या छिद्रांत शिरलेले रसायन हळूहळू बाहेर झिरपते आणि आकडे पुन्हा चढतात. क्रोमियमसाठी म्हणूनच जमिनीतच रासायनिक बदल घडवण्याकडे कल आहे. फेरस सल्फेट सोडले की षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप होऊन ते अविद्राव्य साक्याच्या रूपात बसते. हेच काम साखर कारखान्याच्या मळीनेही (मोलॅसिस) साधते. मळी खाऊन वाढणारे जिवाणू भूजलातला प्राणवायू संपवतात आणि क्रोमियमचे क्षपण होते, म्हणजे ते त्रिसंयुजी रूपात येते. उसाच्या जिल्ह्यात हा माल हाताशी असला तरी त्याच्या साठ्यावर व वाहतुकीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते; शिवाय मात्रा जास्त झाली तर खडकातले लोह व मँगनीज विरघळून पाण्याला रंग आणि दुर्गंधी येते. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत मँगनीजची ऑक्साइडे भरपूर असतात आणि ती त्रिसंयुजी क्रोमियमला काही अंशी पुन्हा मूळ रूपात नेऊ शकतात, त्यामुळे एका मात्रेने काम संपले असे धरता येत नाही.

वाळवा, मिरज, पलूस भागातील शेतकऱ्यांना क्षारपड जमीन सुधारण्याची पद्धत परिचित आहे : जिप्सम टाकायचा, पाणी द्यायचे आणि जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांतून क्षार धुऊन काढायचे. औद्योगिक प्रदूषणाला ती जशीच्या तशी लावणे घातक ठरते, कारण निचऱ्याचे पाणी अखेर ओढ्यातून कृष्णेलाच मिळते. पुराचाही धोका आहे. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले होते. नदीकाठच्या सखल भागात उघडा ठेवलेला दूषित मातीचा ढीग अशा पुरात वाहून जातो. म्हणून खणकाम उन्हाळ्यात उरकून ढीग पावसाआधी हलवावे लागतात.

कायदा : 1974 चा जलप्रदूषण अधिनियम, 1986 चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि 2016 चे घातक कचरा नियम यांच्या आधारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारवाई करते. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-आम्लाच्या (रंग बनवण्यासाठी लागणारे रसायन) कारखान्यांनी विहिरी निकामी केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावरच टाकला. आधीच बिघडलेली जागा कोणी शोधायची, तपासायची आणि साफ करायची याची स्वतंत्र नियमावली मात्र केंद्र सरकारने 2025 मध्ये केली; तीनुसार संशयित जागांची माहिती देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थांकडे येते.

आवारातल्या जुन्या, बंद पडलेल्या विंधन विहिरींची नोंद बहुधा कागदावर नसते आणि वरचे दूषित पाणी याच नळीतून खोलवरच्या थरात उतरते. त्यामुळे जुन्या कामगारांना व आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारून त्या आधी शोधतात आणि सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) यांच्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरून घेतात. त्यानंतरच उपसा किंवा रसायन सोडणे सुरू करतात.